अंजनाला झुडूप म्हणाले तेव्हा

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनाच्या झाडांचा एक डोंगर होता. होता असं म्हणावं लागतं, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. घर धरणगावचं, मारवाडी जैनांचं, किराणा दुकानदारांचं. कांदा, बटाटा, मुळा, गाजर ज्या घराचा उंबरा ओलांडत नव्हते त्या घरातली मुलगी परीक्षेत कंदमुळांवर पानंच्या पानं लिहायची, याचं आमच्या बाईला फार हसू यायचं. आईला आम्ही बाई म्हणायचो आणि वडिलांना भाऊ. मला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवलं म्हणून भाऊंनी नातेवाइकांची बोलणी खाल्ली, मग नोकरी करू दिली म्हणून खाल्ली, आणि मी लग्नाला नाही म्हणत राहिले म्हणून तर रोजच खाल्ली. त्यांनी मला त्यातलं काही कधी ऐकवलं नाही.

जळगावातच मेहरूणला मी एक खोली घेऊन राहत होते. सुटी मिळाली की सुरत लाइनची पॅसेंजर धरायची, नरडाण्याला उतरायचं, तिथून एसटीनं तापी ओलांडून शिरपूर, आणि पुढे मिळेल ते वाहन. सोबतीला कधी कॉलेजचा शिपाई असे, कधी दोन-तीन विद्यार्थिनी. जायचं ते अंजन बघायला. काळ्या खडकाच्या ज्या उतारावर माती नावालाच असते तिथं हे झाड खडकाच्या भेगेत मूळ घालून उभं राहतं. पानं जोडीजोडीची, बारकी, गुरांच्या खुराच्या ठशासारखी. फांद्या खाली लोंबणाऱ्या. चैत्रात नवी पालवी फुटते ती तांबूस असते, आणि आजूबाजूचं सगळं रान वाळून खडखडीत झालेलं असताना हा डोंगर एकटाच ओला दिसतो. त्याच्या लाकडावर कुऱ्हाडीची धार जाते. गुरं त्याचा पाला आवडीनं खातात. मी त्यावर पीएच.डी. करायचं ठरवलं होतं. कुठल्या उतारावर किती झाडं, कुठल्या वयाची, खाली कुठलं गवत, हे मी हळूहळू जमवत होते.

बहात्तरचा पावसाळा गेला तो कोरडाच. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो.

"तुझा अंजनाचा अभ्यास आहे ना? मोठं काम आलंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

काम खरोखरच मोठं होतं. बऱ्याच देशांतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून सगळ्या जगाच्या वनस्पतींसाठी एकच वर्गीकरण करायला घेतलं होतं. तोवर ज्याला एका देशात जंगल म्हणायचे त्याला दुसरीकडे झुडपांचं रान म्हणायचे, आणि दोन देशांचे नकाशे सरहद्दीवर एकमेकांशी जुळायचेच नाहीत. आता सगळ्यांनी एकाच भाषेत बोलायचं, एकाच पद्धतीनं मोजायचं आणि एकेका प्रकाराला जगभर एकच रंग द्यायचा. ही पद्धत कोरड्या प्रदेशात कितपत चालते हे तपासायला काही नमुन्याचे भाग निवडले होते. त्यात तापीपासून सातपुड्यापर्यंतचा आमचा खानदेश होता.

मला ती कल्पना मनापासून आवडली. मी परदेशी लोकांच्या विरोधातली बाई आहे असं पुढे बऱ्याच जणांनी परस्पर ठरवून टाकलं, म्हणून सांगते. आपला डोंगर आफ्रिकेतल्या आणि ब्राझीलमधल्या डोंगरांच्या शेजारी बसणार, त्यांच्या बरोबरीनं मोजला जाणार, या विचारानं मला दोन रात्री झोप आली नव्हती.

पाहुणे जानेवारीत आले. त्यांच्यातले मुख्य म्हणजे साठीचे एक उंच, वाकलेले गृहस्थ, युरोपातले. आयुष्यभर त्यांनी वनस्पतींचे नकाशेच केले होते. कॉलेजात सगळे त्यांना मोठे साहेब म्हणू लागले. स्वभावानं फार सभ्य. शिपायालाही उठून नमस्कार करायचे. त्यांच्याबरोबर नकाशा काढणारा एक तरुण आणि एक जीप. आमच्याकडून सर आणि मी.

दुष्काळाची झळ जळगाव सोडल्यापासून दिसत होती. रस्त्याच्या कडेला बायका-पुरुष खडी फोडत बसलेले. गुरांच्या छावण्या. तापी वाळूत गेलेली. मोठे साहेब जीपमधून ते बघत होते आणि मधूनमधून मला विचारत होते. मी सांगत होते. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि मी काही सांगितलं की मागे वळून तेच पुन्हा सांगत होते, जरा बऱ्या इंग्रजीत.

डोंगर आला. दिवाळीनंतर मी गेले नव्हते. तेवढ्या काळात अंजनाची डोकी उडवलेली होती. दरवर्षी लोक फांद्या छाटतात, पाला गुरांना घालतात, झाड पुन्हा फुटतं. पण त्या वर्षी फांद्यांवर भागलं नव्हतं. पाल्याच्या शेवटच्या पेंढीपर्यंत तोडायचं म्हणून खोडंच वरून कापली होती. उतारभर राखाडी खुंट उभे होते, कुठं पुरुषभर उंच, कुठं त्याहून थोडे वर. एखाद्याच्या टोकाला पानांचा झुबका.

मोठ्या साहेबांनी मोजकाठी काढली. त्यांच्या वर्गीकरणाचा पहिलाच प्रश्न उंचीचा होता. पाच मीटरच्या वर झाडं आणि त्यांचे शेंडे एकमेकांना लागलेले असले तर जंगल. शेंडे सुटे असले तर विरळ वन. पाच मीटरच्या खाली सगळं झुडूप.

त्यांनी ठिकठिकाणी काठी लावली. तरुण मुलगा लिहीत गेला. मी मागोमाग चालत होते आणि ते काय लिहिणार हे मला दिसत होतं.

"साहेब, ही झाडं आहेत," मी म्हणाले. "मोठी झाडं आहेत. याच वर्षी तोडलीत. बुंधा बघा. हा माझ्या मिठीत मावत नाही."

त्यांनी बुंधा बघितला. हात फिरवला. "खरं आहे," ते म्हणाले.

"मागच्या वर्षी इथं शेंडे एकमेकांना लागत होते. माझ्याकडे मापं आहेत."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, मॅडम. पण मागच्या वर्षी काय होतं ते आम्ही नकाशावर लावत नाही. पुढच्या वर्षी काय होईल तेही नाही. आज जे उभं आहे ते लावतो. नाहीतर प्रत्येक देश आपापल्या आठवणी नकाशावर लावेल."

हे ते शांतपणे म्हणाले. त्यात तथ्य होतं, आणि त्या तथ्यानंच मला जाळलं. मी म्हणाले, "मग पाऊस पडेपर्यंत थांबा. या वर्षी हा भाग मोजू नका. आजारी माणसाचं वजन करून त्याला कायमचं हडकुळा ठरवता का तुम्ही?"

तेवढ्यात सर मध्ये आले. हसत हसत. "शी इज यंग," ते साहेबांना म्हणाले, "व्हेरी एन्थुझिॲस्टिक." आणि माझ्याकडे वळून मराठीत, खालच्या आवाजात, "पाहुण्यांशी असं बोलतात का? गप्प राहा जरा."

मी सत्तावीस वर्षांची होते. त्या डोंगरावर त्या तिघांपेक्षा जास्त वेळा चढलेली मी एकटी होते. ते 'शी इज यंग' मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, त्यातल्या हसण्यासकट.

खाली वस्तीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथले एक आबा मला ओळखत होते, कारण मी येता-जाता त्यांच्याच ओट्यावर टेकायची. शेतकरी माणूस. दावणीला दोन बैल आणि एक म्हैस, तिन्हींच्या बरगड्या दिसत होत्या. जीप बघून ते आधी आत गेले आणि मग माझा आवाज ऐकून बाहेर आले.

"जंगलखाताना मानसं शेतस का हाई?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही आबा, शाळा-कॉलेजातली आहेत. झाडं बघायला आलीत."

"देखू द्या. पाला नही तोडता तं बठ्ठा ढोरे मरी जातात, सांगा त्यासले. जंगलखाताना मानूसनीच सांगं, तोडा म्हनीसन." आवाज चढला होता. आपल्याला कुणी चोर ठरवायला आलंय असं त्यांना वाटत होतं. "पानी पडू द्या. मंग या नि देखा."

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. पाला तोडला नसता तर सगळी गुरं मेली असती, तोडायची परवानगी सरकारनंच दिली होती, पाऊस पडला की झाडं पुन्हा फुटतील, हे सगळं. साहेबांनी मान हलवली, तरुणानं ते टिपून घेतलं. सर घड्याळाकडे बघत होते.

पाहुणे परत जायच्या आधी कॉलेजच्या सभागृहात एक बैठक झाली. खानदेशातल्या प्रत्येक भागाला कुठला प्रकार आणि कुठला रंग द्यायचा ते तिथं ठरायचं होतं. भिंतीवर कच्चा नकाशा. जंगलाला हिरव्या छटा, विरळ वनाला फिकट हिरव्या, आणि काटेरी झुडपांना पिवळा. माझा डोंगर पिवळा होता.

मी उभी राहिले. मला इंग्रजीत भांडता येतं हे त्या दिवशी मला कळलं. अंजन हा स्वतंत्र प्रकार आहे, तो काटेरी नाही, तो झुडूप नाही, आणि तोडलेल्या अवस्थेला वेगळी खूण हवी, एवढंच मी सांगत होते. तोडलेलं जंगल म्हणून वेगळ्या रेघा मारा, ठिपके द्या, काहीही करा, पण बाभळी-बोरीच्या माळात त्याला घालू नका. मोठे साहेब ऐकत होते. त्यांनी विचारलंसुद्धा की अशी खूण द्यायची तर नियम काय करायचा. मी उत्तर द्यायला लागले तोच सर उठले.

"चहा आलाय," ते म्हणाले. "हा तपशिलाचा मुद्दा आहे. नंतर बघू."

चहानंतर तो मुद्दा निघाला नाही. दोन्हीकडून मसुद्यावर सह्या झाल्या. आमच्याकडून सरांची. काही आठवड्यांनी सरांना तिकडच्या एका परिषदेचं आमंत्रण आलं, कॉलेजात त्यांचा सत्कार झाला, आणि सत्काराला हार आणायचं काम माझ्याकडे होतं. मी हार आणला. तो त्यांच्या गळ्यात दुसऱ्या कुणीतरी घातला, कारण मी सभागृहाच्या बाहेरच उभी राहिले.

त्या शनिवारी धरणगावला गेले तेव्हा मी जेवले नाही. बाईनं कुणीतरी काही वावगं बोललं का म्हणून खोदून खोदून विचारलं. भाऊ दुकान बंद करून आल्यावर माझ्यासमोर बसले.

"झाडाला काय म्हणायचं यावरून एवढा संताप?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. धरणगाव म्हणजे कापसाचं गाव. त्यांची अर्धी गिऱ्हाइकं कापूस पिकवणारी. "ग्रेडर कापसाच्या ढिगात हात घालतो आणि प्रत ठरवणारा एक शब्द बोलतो," ते म्हणाले. "त्या शब्दावर वर्षभराचं सगळं ठरतं. नंतर कितीही ओरडा. तू वेळेवर ओरडलीस. त्यांनी ऐकलं नाही." मग बाईला हाक मारून माझं ताट पुन्हा वाढायला लावलं. मला वाटलं होतं ते मला शांत करतील. त्यांनी मला बरोबर ठरवलं, आणि त्यामुळे मी आणखीच पेटले.

पुढच्या दोन पावसाळ्यांत पाणी बरं झालं. मी जात राहिले. अंजनाला इतका धुमारा फुटला होता की दुसऱ्या वर्षी उतारावर सावली पडायला लागली. कापलेल्या टोकांपासून लांब, लवचिक फांद्या सुटल्या होत्या आणि बऱ्याच जागी पाच मीटरच्या वर गेल्या होत्या. मी विद्यार्थिनींना घेऊन सगळं पुन्हा मोजलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

"आता बघा," मी म्हणाले. "त्यांच्याच नियमानं हे विरळ वन आहे. कळवा त्यांना."

सरांनी कागद उलटले. "नकाशा छापायला गेला," ते म्हणाले. "आणि हे बघ, तू आता प्रबंध पूर्ण कर. वय निघून जातं. एका डोंगरासाठी किती दिवस अशी भांडत राहणार?"

नकाशा आला तेव्हा देखणा होता, हे कबूल करायला हवं. जाड कागद, रंगांच्या अनेक छटा, कोपऱ्यात खुणांची चौकट. सोबत माहितीची पुस्तिका. तिच्या शेवटी स्थानिक सहकारी म्हणून सरांचं आणि माझं नाव. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या कॉलेजात मंडळी अभिनंदन करायला आली आणि मी त्यांना पुस्तिका मिटून परत दिली.

तरीही तोवर माझा राग कागदापुरता होता. पिवळा रंग म्हणजे माझ्या दृष्टीनं एक चूक होती, सुधारता येईल अशी. ती चूक डोंगर चढून जाऊ शकते हे मला कळलं ते आणखी काही वर्षांनी, एका एसटीच्या खिडकीतून.

डोंगराच्या खालच्या अंगाला ट्रक उभे होते. वरचा उतार उघडा पडला होता. मी उतरून धावत गेले. अंजन मुळापासून काढलेला होता, ओंडके रचून ठेवले होते आणि उतारावर ओळीनं खड्डे खणले होते. त्यांत निलगिरी लावायची होती. तिथल्या मुकादमाला मी विचारलं की कुणाच्या हुकुमानं. तो म्हणाला, धुळ्याला विचारा.

मी धुळ्याला गेले. तिथल्या एका सरकारी कार्यालयात साहेबांची वाट बघत बसले. आत बोलावलं तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर तोच नकाशा लावलेला होता. अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बाई, तिथं जंगल नव्हतंच," तो म्हणाला. "काटेरी झुडपांची पडीक जमीन होती. अशा जमिनीवर लागवड करायचं सरकारचं धोरण आहे. हे बघा ना." त्यानं मागे वळून पिवळ्या रंगावर बोट ठेवलं.

"तो रंग चुकीचा आहे."

"जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी केलेला नकाशा आहे हा."

"मला माहीत आहे कुणी केलाय."

त्यानं माझं नाव पुन्हा विचारलं, मग कपाटातून ती पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं आणि आनंदानं माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्हीच आहात की यात! मग तुम्हाला तर माहीतच असणार."

मी त्याला काय काय बोलले ते मला सलग आठवत नाही. टेबलावरची घंटा वाजवून त्यानं शिपायाला आत बोलावलं होतं, एवढं आठवतं. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याला दिलेल्या कागदावर त्यानं विश्वास ठेवला होता. मोठे साहेब खोटं बोलले नव्हते, त्यांनी काठी लावून मोजलं होतं. आबांनी गुरं जगवली होती. एकटे सर होते ज्यांच्यावर मनसोक्त ओरडता आलं असतं, आणि ते तर म्हणणार, मी फक्त चहा आला म्हणालो. धरून हलवावा असा एकही गळा मला मिळत नव्हता आणि डोंगर बोडका झाला होता.

परत येताना मी आबांच्या वस्तीवर थांबले. मला वाटलं, त्यांच्याजवळ दोन शब्द बोलावे. ते ओट्यावर बसले होते. या म्हणाले नाहीत.

"तुमीच उनात ना काठी लिसन?" ते म्हणाले. "मापी गयात. मंग आमना डोंगर गया. आते ढोरेसले काय घालू? त्या निलगिरीना पाला?"

काठी घेऊन आलेल्यांत मी होतेच. मी म्हणाले, "आबा, मी भांडले होते."

"माले काय सांगतस? त्यासले सांगा."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उन्हात एसटीच्या थांब्यावर उभी राहिले आणि ठरवलं की त्यांनाच सांगायचं.

संधी माझ्याकडे चालत आली. नमुन्याच्या नकाशाचा दुसरा भाग, म्हणजे यावल आणि चोपड्याच्या बाजूचा सातपुडा, अजून व्हायचा होता. तिथंही अंजन आहे, आणि तोही लोक तोडतात. मोठे साहेब त्यासाठी पुन्हा येणार होते. सर तोवर निवृत्तीला आले होते, गुडघे दुखत होते, आणि डोंगर चढायला कॉलेजात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सरांनी मला बोलावून कार्यक्रम सांगितला. फेब्रुवारीत तीन दिवस.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"फेब्रुवारीत तोडणीचे दिवस असतात. यायचं तर पावसाळ्यानंतर या. आधी शिरपूरचा डोंगर बघा, मग यावलचा. आणि माझं नाव छापायचं तर ज्या पानावर प्रकार ठरतात त्या पानावर माझी सही लागेल. नाहीतर नाव काढा आणि तुम्ही चढा."

सर संतापले. कृतघ्न म्हणाले, उद्धट म्हणाले, लग्न न झाल्यामुळे स्वभाव असा झालाय असंही म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि जागची हलले नाही. बाहेर विद्यार्थी जमले होते. शेवटी ते म्हणाले, "तुझं तूच कळव त्यांना." मी त्याच दुपारी तार केली. उत्तर आठवड्यात आलं. मोठे साहेब ऑक्टोबरात यायला तयार होते.

नरडाण्याच्या स्टेशनवर मी त्यांना उतरवून घेतलं. फार थकले होते. हातात काठी आली होती, मोजायची नव्हे, टेकायची. शिरपूरच्या डोंगराखाली जीप थांबली तेव्हा ते बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. उतारावर निलगिरीची रोपं होती, निम्म्याहून जास्त वाळलेली, आणि मधल्या खडकावरून पावसानं माती धुऊन नेली होती.

"इथं मी मोजलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"माझं माप बरोबर होतं."

मी ज्याची वर्षानुवर्षं वाट बघत होते तो क्षण हा होता, आणि माणूस हे म्हणतो! मी त्यांना म्हणाले, "साहेब, तुमचं माप बरोबर होतं. तुम्ही आज जे उभं आहे ते लावता ना? मग लावा. काढा काठी. आजचा रंग सांगा मला. हा कुठला रंग आहे?"

मी थांबले नाही. धुळ्याच्या भिंतीवरचा नकाशा, ते बोट, ती पुस्तिका, आबा, सगळं सांगितलं. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. मोठे साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमचा नकाशा कुणी असा वाचेल हे आम्ही धरलं नव्हतं."

"का नाही धरलं? नकाशा वाचण्यासाठीच छापतात ना?"

"धरायला हवं होतं," ते म्हणाले.

एवढंच. माफी त्यांनी मागितली नाही आणि मी ती मागून घेतली नाही.

यावलच्या डोंगरात आम्ही आठवडाभर हिंडलो. त्या ऑक्टोबरात अंजन भरात होता आणि खाली कमरेइतकं रोशा गवत, पायाखाली चुरडलं की वास उठायचा. साहेब चार पावलं चालायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. प्रत्येक जागेवर आमचं भांडण झालं. शेंडे लागतात की नाही, उंची कुठून धरायची, तोडलेल्या झाडाचा बुंधा मोजायचा की नाही. मी एकही शब्द सोडला नाही. एका दुपारी झाडाखाली दशम्या खाताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही अजून माझ्यावर रागावलेल्या आहात का?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि लोणचं पुढे करायला सांगितलं.

त्या दुसऱ्या नकाशावर यावलचा अंजन हिरवा आला. विरळ वन, आणि त्यावर आडव्या रेघा, खाली खुलासा की ही झाडं चाऱ्यासाठी छाटली जातात व पुन्हा वाढतात. वर्गीकरणाच्या सुधारलेल्या नियमांत अशा छाटलेल्या रानासाठी वेगळी खूण ठेवायचं मोठ्या साहेबांनी तिकडच्या मंडळींकडून मान्य करून घेतलं. प्रकारांच्या पानावर माझी सही होती. यावलच्या बाजूला निलगिरीचे खड्डे खणायचं जेव्हा निघालं तेव्हा मी तो नकाशा घेऊन तिथल्या अधिकाऱ्यापुढे बसले, आणि या वेळी बोट मी ठेवलं. खड्डे दुसरीकडे गेले.

लोकांना वाटतं तेवढ्यावर मी निवायला हवं होतं. सरांच्या निरोप समारंभात एका वक्त्यानं सांगितलं की सरांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या कॉलेजनं जगाच्या वर्गीकरणात अंजनाला स्थान मिळवून दिलं. टाळ्या झाल्या. सर हात जोडून उभे राहिले. मी उठले, सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत रांगेच्या बाहेर आले आणि सरळ स्टेशनवर गेले. शिरपूरच्या डोंगरावर तेव्हा निलगिरीही उरली नव्हती. तिथं आता खरोखरच बाभळी आणि बोरी आल्या होत्या. छापल्यानंतर इतक्या वर्षांनी त्या पहिल्या नकाशाचा पिवळा रंग अगदी बरोबर ठरला होता.